तपकिरी व्हायचं ते निळंच का राहतं? नागपूरच्या उन्हाळ्यात मॉलिब्डेनमचे महाक्लस्टर

प्रश्न थोडक्यात असा आहे. नागपुरात मे महिन्यात एम.एस्सी.च्या प्रोजेक्टसाठी १३२ मॉलिब्डेनम अणूंचा पोकळ गोळा, म्हणजे केप्लरेट, तीनदा करून पाहिला. दोनदा द्रावण निळंच राहिलं. तिसऱ्यांदा तपकिरी झालं, पण स्फटिकांऐवजी मंद रंगाची भुकटी हाती आली. सोबत १५४ अणूंचं निळं चाक केलं, ते जमल्यासारखं वाटलं. पण डीएलएसमध्ये (लेझरचा प्रकाश कसा विखुरतो त्यावरून कणांचा आकार मोजण्याच्या पद्धतीत) तीन-साडेतीन नॅनोमीटरच्या वस्तूऐवजी ४५ नॅनोमीटर त्रिज्या दिसते. कृतीत ‘रूम टेम्परेचर’ लिहिलं होतं, ते पाळलं. सेल्फ-असेम्ब्ली, म्हणजे रेणूंची जुळणी, आपोआप होते म्हणतात, मग चुकतंय कुठे?

चाकाच्या बाबतीत बहुधा काहीच चुकलेलं नाही, त्याकडे नंतर येऊ. गोळ्याच्या बाबतीत पहिली गोष्ट त्या ‘रूम टेम्परेचर’ची. ही कृती जर्मनीतल्या बीलेफेल्डची, आखिम म्युलर यांच्या गटाची. तिथली खोली २० °से ची. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो आणि एसी नसलेल्या लॅबमध्ये दुपारी ३८ ते ४० सहज असतं. इथे २० हा आकडा ग्रॅम-मिलीइतकाच कृतीचा भाग आहे. पण द्रावण निळं राहण्याचा दोष मी उन्हाळ्यावर ढकलणार नाही. भुकटी उन्हाळ्याने होते, निळं राहणं बहुतेक वेळा वजनकाट्यावर आणि बाटल्यांच्या कपाटात ठरतं.

आधी आत काय जुळतं ते बघू, म्हणजे पुढची कारणं पाठ करावी लागणार नाहीत.

अल्कधर्मी पाण्यात मॉलिब्डेनम साध्या मॉलिब्डेट आयनाच्या रूपात असतं. आम्ल वाढवत नेलं की हे आयन पाणी टाकून एकमेकांना ऑक्सिजनने जोडले जातात: पीएच पाच-साडेपाचच्या खाली सात अणूंचा हेप्टामॉलिब्डेट, दोनच्या आसपास आठचा, त्याहून खाली ३६ चा. इथपर्यंत सगळं रंगहीन, कारण सगळे अणू सहा संयुजेचे. आता त्यात इलेक्ट्रॉन घातले, म्हणजे काही अणू पाच संयुजेचे केले, की महाक्लस्टरांची, म्हणजे शंभराहून जास्त अणूंच्या जुळण्यांची, दारं उघडतात. गोळा आणि चाक या दोघांचाही मूळ नग एकच: मधोमध सात ऑक्सिजनांनी वेढलेला एक मॉलिब्डेनम आणि त्याच्या पाच कडांना चिकटलेले पाच अष्टफलक, प्रत्येकाच्या मधोमध एक मॉलिब्डेनम. सहा अणूंचा हा पंचकोन.

गोळ्यात असे बारा पंचकोन विंशतिफलकाच्या (वीस त्रिकोणी पृष्ठांच्या आकाराच्या) बारा शिरोबिंदूंवर बसतात आणि तीस कडांवर प्रत्येकी दोन मॉलिब्डेनमची एक जोडी त्यांना सांधते. बारा सक ७२, तीस दुणे ६०, मिळून १३२. व्यास सुमारे २.९ नॅनोमीटर, भिंतीत २० खिडक्या, आयनावर ४२ ऋण प्रभार. नागपूरकराला गोल म्हटलं की संत्रं आठवतं, पण इथे ती उपमा बाजूला ठेवा. संत्र्याच्या फोडी दोन टोकांना एकत्र येतात, गोळ्यात टोकच नसतं. फुटबॉल घ्या, त्यावरच्या काळ्या पंचकोनांची संख्याही बाराच. चाकात मात्र पंचकोनाला आणखी दोन अणू जोडून आठचा नग होतो. असे १४ नग, दोनाचे १४ आणि एकेकटे १४ अशी रिंगण धरतात. चौदा गुणिले अकरा, १५४.

मग तोच पंचकोन कधी गोळा करतो आणि कधी चाक, हे कशावर ठरतं? सांध्यावर. गोळ्याच्या प्रत्येक जोडीतले दोन्ही मॉलिब्डेनम पाच संयुजेचे असतात, त्यांच्यात थेट धातू-धातू बंध असतो आणि अ‍ॅसिटेट त्या दोघांना आतून चिमट्यासारखा धरतो. इलेक्ट्रॉन त्या जोडीत अडकलेले असतात, म्हणून रंग तपकिरी. चाकात १५४ अणूंमागे असे २८ च इलेक्ट्रॉन असतात आणि ते पाच-सहा संयुजेच्या शेजाऱ्यांमध्ये सैल फिरतात. त्या फिरण्याचा रंग निळा. रसायनज्ञ शीले यांनी १७८३ मध्ये नोंदवलेला मॉलिब्डेनम ब्लू तो हाच. तेव्हा तुमचं द्रावण निळं राहिलं याचा अर्थ एवढाच की इलेक्ट्रॉन आले, पण जोड्यांत बसले नाहीत. एकतर ते कमी पडले, नाहीतर अ‍ॅसिटेटला त्यांना धरता आलं नाही, नाहीतर आम्ल फार झालं आणि गाडी चाकाच्या रुळावर गेली.

आता कृती. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेलं प्रमाण असं: अमोनियम हेप्टामॉलिब्डेट टेट्राहायड्रेट ५.६ ग्रॅम आणि अमोनियम अ‍ॅसिटेट १२.५ ग्रॅम, २५० मिली पाण्यात. त्यात हायड्रॅझिन सल्फेट ०.८ ग्रॅम, इलेक्ट्रॉन देणारं ते हेच. दहा मिनिटं ढवळायचं. रंग निळसर हिरवा होतो. मग ५० टक्के अ‍ॅसिटिक आम्ल ८३ मिली. द्रावण हिरवं दिसतं. ढवळणं बंद, ५०० मिलीच्या उघड्या बीकरमध्ये, फ्यूम हूडमध्ये, २० °से ला चार दिवस. हळूहळू गडद तपकिरी होतं आणि लालसर तपकिरी स्फटिक पडतात. सिंटर्ड फनेलवर गाळून आधी ९० टक्के इथेनॉल, मग शुद्ध इथेनॉल, मग ईथर.

या आकड्यांचा हिशोब एकदा कागदावर करा, कारण कुठे सवलत आहे आणि कुठे नाही ते त्यातून कळतं. ५.६ ग्रॅममध्ये ३१.७ मिलिमोल मॉलिब्डेनम. सगळ्याचा गोळा झाला तर पाच संयुजेचे लागतील १४.४ मिलिमोल. ०.८ ग्रॅम हायड्रॅझिन सल्फेट म्हणजे ६.१५ मिलिमोल, नायट्रोजन होईपर्यंत प्रत्येक रेणू चार इलेक्ट्रॉन देतो, म्हणजे २४.६ मिलिमोल. गरजेच्या पावणेदोन पट. ऐकायला भरपूर वाटतं, पण हवा उघडी आहे आणि रिडक्शन, म्हणजे इलेक्ट्रॉन घालणं, कधीच शंभर टक्के होत नाही. ०.८ च्या जागी ०.५ गेलं की काठावर येता. अ‍ॅसिटेट लागतं फक्त ७ मिलिमोलच्या आसपास. घालतो १६२, शिवाय आम्लातून आलेलं सुमारे ७२५. हा साठा बफर म्हणून, म्हणजे पीएच टिकवायला आहे: १६२ ला ७२५ या गुणोत्तराने पीएच ४ च्या जवळ राहतो. गोळ्याला तोच पट्टा मानवतो.

निळं राहण्याचे संशयित, माझ्या क्रमाने.

पहिला, आम्लाची अदलाबदल. ८३ मिली अ‍ॅसिटिक आम्ल खूप वाटतं, म्हणून कुणीतरी थोडं हायड्रोक्लोरिक घालून ‘पीएच जुळवतं’. पीएच मीटरवर आकडा आला तरी पुढचे थेंब अ‍ॅसिटेटला आम्लात बदलत जातात, बफर संपतो आणि पीएच एकदम एक-दोनवर घसरतो. तिथे ३६ चा क्लस्टर आणि निळी चाकं हेच राज्य करतात. या कृतीत पीएच जुळवायचा नाही, वजनं बरोबर घ्यायची.

दुसरा, हायड्रॅझिन सल्फेट न विरघळणं. त्याची विद्राव्यता कमी, २० °से ला १०० मिलीत ३ ग्रॅमच्या आसपास. ०.८ ग्रॅम २५० मिलीत बसतं, पण खडे असतील तर दहा मिनिटांत विरघळत नाही. खलबत्त्यात हलकं बारीक करा (हातमोजे, मास्क, हे विषारी आहे आणि कर्करोगाच्या संशयितांत मोडतं), आणि आम्ल घालण्याआधी बीकरच्या तळाला टॉर्च लावून बघा. तळाला पांढरं दिसलं तर थांबा. काही जण सल्फेटऐवजी कपाटातलं हायड्रॅझिन हायड्रेट वापरतात. जुनी बाटली हवेने कमजोर झालेली असते, शिवाय सल्फेटसोबत येणारं आम्ल त्यात नसतं, हायड्रेट उलट अल्कधर्मी. दोन गोष्टी एकदम बदलतात आणि मग कारण सापडत नाही.

तिसरा, अमोनियम अ‍ॅसिटेट. हे मीठ हवेतलं पाणी ओढतं. मे महिन्यात बाटली कोरडी वाटते, पण तीच बाटली मागच्या जुलै-ऑगस्टमध्ये दहा हातांनी उघडलेली असते. आतला ओला गोळा फोडून १२.५ ग्रॅम तोललं तर त्यात अ‍ॅसिटेट किती आणि पाणी किती, सांगता येत नाही. झाकण काढल्यावर व्हिनेगरचा वास आला तर अमोनियाही उडालेला आहे. नवी बाटली घ्या किंवा व्हॅक्यूम डेसिकेटरमध्ये रात्रभर ठेवा. ओव्हनमध्ये टाकू नका, अमोनिया निघून जातो.

चौथा हिवाळ्यातला, पण इथेच सांगून टाकतो. ग्लेशियल अ‍ॅसिटिक आम्ल १६.६ °से ला गोठतं. डिसेंबर-जानेवारीत नागपूरच्या रात्री १०-१२ पर्यंत उतरतात आणि सकाळी बाटलीत अर्धा बर्फ, अर्धा द्रव असतो. वरचा द्रव ओतून घेतला तर त्यात पाण्याचा वाटा जास्त येतो, कारण आधी गोठतं ते शुद्ध आम्ल. बाटली कोमट पाण्यात ठेवून पूर्ण वितळवा, हलवा, मगच मोजा.

फॉस्फेटची धास्ती बहुतेक जण घेतात. पाण्याच्या तपासणीत अमोनियम मॉलिब्डेट आणि अ‍ॅस्कॉर्बिक आम्लाने फॉस्फेटचा निळा रंग ८८० नॅनोमीटरला मोजलेला असतो, म्हणून काचेवर डिटर्जंट राहिला की सगळं निळं होणार असं वाटतं. हिशोब करा: एक फॉस्फरस बारा मॉलिब्डेनम बांधतो. एक मिलिग्रॅम फॉस्फेट म्हणजे साधारण ०.०१ मिलिमोल, त्याने बांधलेलं मॉलिब्डेनम ०.१३ मिलिमोल; तुमच्या ३१.७ मधलं अर्धा टक्काही नाही. छटा बदलेल, पण बॅच बुडणार नाही. काच विरळ नायट्रिक आम्लाने धुवून डिस्टिल्ड पाण्याने विसळा आणि विषय संपवा. नळाचं किंवा बोअरचं पाणी मात्र कधीच नको. विदर्भातल्या बसाल्टी खडकातलं पाणी जड असतं. कॅल्शियम आणि बायकार्बोनेट सोबत येतात आणि सिलिकेटही फॉस्फेटसारखाच मॉलिब्डेनमच्या मधोमध जाऊन बसतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी द्रावणात तपकिरी छटा स्पष्ट हवी. निळं-हिरवंच असेल तर चौथ्या दिवसाची वाट बघण्यात अर्थ नाही. थोडं आणखी हायड्रॅझिन घालून वाचवायचा मोह होतो. रंग येतोही, पण जे पडतं त्यात काय काय आहे याची खात्री देता येत नाही. नव्याने लावा.

आता भुकटी. इथे नागपूरचा वाटा खरा आहे, आणि तो दोन वेगळ्या ठिकाणी असतो: बीकरमध्ये आणि फनेलवर. आधी कुठे बिघडलं ते ठरवा. गाळण्याआधी पाश्चर पिपेटने तळाचे थोडे कण मदर लिकरसकट (स्फटिकांभोवतीच्या मूळ द्रावणासकट) काचपट्टीवर घ्या, कव्हर स्लिप ठेवा आणि साध्या सूक्ष्मदर्शकाखाली बघा. स्वच्छ कडांचे, चमकदार, लालसर पारदर्शक स्फटिक दिसले आणि वाळल्यावर ते मंद झाले, तर दोष वाळवण्यात. तिथेच आकार नसलेला गाळ दिसला, तर दोष बीकरमध्ये.

बीकरमधला दोष म्हणजे घाई. दहा अंशांना वेग दुप्पट या ढोबळ नियमाने ४० °से ला सगळं २० च्या चौपट वेगाने चालतं. शिवाय कूलरच्या झोतात उघडा बीकर रोज आटतो. एकदम खूप केंद्रं तयार होतात आणि प्रत्येकाच्या वाट्याला थोडंच येतं. दुपारी ४०, रात्री एसी लावला की २४, मग वीज गेली की पुन्हा ३५, असा झोका त्याहून वाईट. उपाय साधा आहे आणि नागपुरात तो अनेक लॅबमध्ये आधीच असतो: बीओडी इनक्युबेटर, म्हणजे पाण्याच्या तपासणीतले नमुने ठराविक तापमानाला ठेवायचं कपाट. आपल्याकडे तीन दिवसांच्या बीओडीसाठी तो २७ °से वर लावलेला असतो. विचारून २० वर आणा. मात्र ज्यात दुसऱ्याचे पाण्याचे नमुने आहेत त्यात हा बीकर ठेवू नका, अ‍ॅसिटिक आम्लाची वाफ सगळीकडे जाते आणि आतलं लोखंडही खाते. इनक्युबेटर नसेल तर थर्मोकोलच्या खोक्यात १२-१५ लिटर पाण्याची बादली, त्यात बीकर गळ्यापर्यंत बुडवून, आणि सकाळ-संध्याकाळ आईस पॅक बदला. २० नाही जमलं तर २४ चालेल, झोका नको.

बीकर घट्ट बंद करू नका, नायट्रोजन बाहेर पडत असतो. पाच-सहा टाचणीची भोकं पाडलेला फिल्टर पेपर बांधा. मार्करने पातळीची रेघ मारा: ५०० मिलीच्या बीकरमध्ये दीड-दोन मिलीमीटर उतार म्हणजे सुमारे १० मिली उडालं. एका दिवसात यापेक्षा जास्त उतरत असेल तर भोकं कमी करा. आणि हलवून बघू नका. रोज उचलून ‘पडलं का’ बघणाऱ्याच्या बीकरमध्ये बारीक भुकटीच पडते.

फनेलवरचा दोष म्हणजे स्फटिकातलं पाणी. या मिठाच्या एका सूत्राला सुमारे ३०० रेणू पाणी जाळीत सैल बसलेलं असतं. २८,६०० च्या सूत्रभारात ते ५,४०० भरतं, जवळजवळ १९ टक्के. मे महिन्यातल्या कोरड्या हवेत व्हॅक्यूम पंप अर्धा तास चालू ठेवला तर हे पाणी निघू लागतं, स्फटिक तडकतात आणि चमक जाते. क्लस्टर शाबूत असतो, फक्त रांग मोडते. एक्स-रेसाठी स्फटिक हवा असेल तर मदर लिकरमध्येच ठेवा, तेलात उचला आणि थेट थंड झोतावर चढवा. हा असा एकच प्रसंग आहे जिथे एसीपेक्षा नागपुरी डेझर्ट कूलर बरा, कारण त्याची हवा ओलसर असते.

उताऱ्याचा (यील्डचा) टक्का काढतानाही हेच पाणी फसवतं. ५.६ ग्रॅमपासून पूर्ण पाण्यासह जास्तीत जास्त ६.९ ग्रॅम होऊ शकतं. प्रत्यक्षात सव्वातीनच्या आसपास आलं तर बेस्ट. म्हणजे निम्मं. सुकलेल्या भुकटीचं वजन घेऊन ओल्या सूत्राने भागलं तर उतारा उगाच कमी दिसतो.

ईथरबद्दल एक वाक्य, पण गंभीरपणे: डायएथिल ईथर ३४.६ °से ला उकळतं. ३८ अंशांच्या खोलीत बाटलीचं झाकण उघडणं म्हणजे उकळत्या बिंदूच्या वर असलेलं ज्वालाग्राही द्रव उघडणं. मे महिन्यात ईथर टाळा; फ्रीजमधल्या इथेनॉलने दोनदा धुवून पाच मिनिटं हवा ओढली की पुरे.

जे मिळालं ते गोळाच आहे का, हे तपासायला रंगावर विसंबू नका. पाण्यातल्या विरळ द्रावणाचा यूव्ही-व्हिजिबल वर्णपट घ्या: ४५० ते ४५५ नॅनोमीटरला रुंद पट्टा हवा आणि ७०० च्या पुढे जवळजवळ सपाट. ७४५ च्या आसपास उंचवटा असेल तर निळं मिसळलेलं आहे. वर्णपट त्याच दिवशी घ्या, उघड्या हवेत गोळ्याचं हळूहळू ऑक्सिडीकरण होतं आणि ४५० चा पट्टा खाली येत जातो. आयआर (इन्फ्रारेड) वर्णपटात ९६९ सेमी⁻¹ ला मॉलिब्डेनम-ऑक्सिजन दुहेरी बंध, ८५३, ७९२, ७२३ आणि ५६७ ची रांग, आणि १५४६ ला अ‍ॅसिटेट. इथे १५४६ महत्त्वाचा: तो दिसला पण १,७१० च्या आसपास मुक्त आम्लाचा शिखर नसला, तर अ‍ॅसिटेट धातूला बांधलेलं आहे आणि धुणं नीट झालं आहे.

सगळ्यात पक्की तपासणी मात्र इलेक्ट्रॉन मोजण्याची, आणि ती ब्युरेटने होते. १०० मिलिग्रॅम गोळ्यात पाच संयुजेचे ०.२१ मिलिमोल, म्हणजे ०.०१ नॉर्मल सेरियम(चार) सल्फेट २१ मिली. तितक्याच वजनाच्या चाकाला लागतील सुमारे ९ मिली. टायट्रेशन सल्फ्युरिक आम्लात, पोटेन्शिओमीटरने. डोळ्यांनी शेवटचा बिंदू पकडायला गेलात तर मधला निळा टप्पा गोंधळात टाकतो. २१ च्या जागी २४ आले तर घाबरू नका, नमुना सुकलेला आहे. १५ आले तर रिडक्शन अर्धवट आहे.

आता चाक. प्रमाण: सोडियम मॉलिब्डेट डायहायड्रेट ३.०४ ग्रॅम, १० मिली पाण्यात. ताजं सोडियम डायथायोनाइट (इथे इलेक्ट्रॉन देणारं) ०.१५ ग्रॅम, लगेच १ मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल ३० मिली. दहा मिनिटं ढवळून बंद फ्लास्कमध्ये २० °से ला तीन दिवस. क्रम उलटा करू नका. आम्लात डायथायोनाइट तुटून गंधक बाहेर पडतं आणि दुधट पिवळा गढूळपणा येतो, जो नंतर कशानेच गाळला जात नाही. पावसाळ्यात उघडी राहिलेली डायथायोनाइटची बाटली निम्मी मेलेली असते. झाकण उघडताच जळक्या गंधकाचा वास आला तर ती वापरू नका.

आम्लाची मोलॅरिटी इथे फार नाजूक आहे. १२.६ मिलिमोल मॉलिब्डेनमला चाक होताना प्रत्येकी दोनाहून थोडे जास्त प्रोटॉन खर्च होतात, एकूण सुमारे २६ मिलिमोल. तुम्ही घालता ३०. उरतात चार-पाच, ४० मिलीत, म्हणजे पीएच १ च्या जवळ. तुमचं ‘१ मोलर’ प्रत्यक्षात ०.९५ असेल तर घातलेलं आम्ल ५ टक्क्यांनीच कमी होतं, पण उरलेलं तिसऱ्या हिश्शाने घटतं. बाटलीवरच्या ३५ टक्क्यांवरून हिशोब करून बनवलेलं आम्ल उन्हाळ्यात नेहमी कमी भरतं. सोडियम कार्बोनेटने प्रमाणित करून घ्या. धुताना थोडंच आणि फ्रीजमधलं पाणी; गच्चीवरच्या टाकीतून आलेलं मे महिन्यातलं ‘थंड’ पाणी वापरलं तर निम्मी चाकं धुण्याच्या पाण्यासोबत वाहून जातील, इतकी ती विद्राव्य असतात. या विद्राव्यतेमुळेच निळ्या पाण्यातलं चाक १९९५ पर्यंत कुणाच्या हाती लागलं नव्हतं.

हायड्रोक्लोरिकच्या जागी सल्फ्युरिक ‘चालेल का’ असं विचारलं जातं. चालत नाही, कारण सल्फेट स्वतः लिगँड होतो, म्हणजे मॉलिब्डेनमला बांधला जातो. ३६८ अणूंचा, सहा नॅनोमीटरच्या घरातला लिंबाच्या आकाराचा क्लस्टर, २००२ मध्ये प्रसिद्ध झालेला, त्याच वाटेने आला. त्यात ४८ सल्फेट आहेत.

हे सगळं जुळतं कसं, याचा एक धागा २०१० मध्ये लिरॉय क्रोनिन यांच्या ग्लासगोच्या गटाने पकडला. फ्लो रिअ‍ॅक्टरमध्ये (द्रावण सतत वाहत ठेवणाऱ्या उपकरणात) रिडक्शन बारकाईने आवरून त्यांनी १५० अणूंच्या चाकाच्या मधोमध ३६ चा क्लस्टर बसलेला असतानाच त्याचा स्फटिक मिळवला. म्हणजे आधी साचा, त्याभोवती चाक, आणि पुढे साचा निघून जातो. ‘आपोआप’ या शब्दात एवढं सगळं दडलेलं असतं.

आता डीएलएसमधले ४५ नॅनोमीटर. चाकं पाण्यात एकेकटी राहत नाहीत; ती पोकळ गोळ्याच्या पृष्ठभागावर एका थरात मांडली जातात. तियानबो लियू आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये ही रचना मोजली: त्रिज्या ४५ नॅनोमीटर, आत द्रावण, आणि कवचात सुमारे ११६५ चाकं. या रचनांना ब्लॅकबेरी म्हणतात. साबणाच्या मायसेलमधल्या (पाण्यातल्या पुंजक्यातल्या) रेणूंसारखं तेलकट शेपूट इथे कुणालाच नाही. मधले धन आयन आणि हायड्रोजन बंध चाकांना जवळ आणतात. तेव्हा ४५ हा आकडा अशुद्धीचा नाही, उलट चाक बरं झाल्याची खूण आहे. गोळा शुद्ध पाण्यात ब्लॅकबेरी करत नाही, ४२ ऋण प्रभार त्यांना दूर ठेवतो. अ‍ॅसिटोन मिसळलं की करतो, आणि अ‍ॅसिटोन वाढवलं की ब्लॅकबेरी मोठी होते.

मोजताना लेझरचा रंग बघा. बहुतेक यंत्रांत ६३३ नॅनोमीटरचा लाल लेझर असतो, आणि निळं चाक तोच प्रकाश गिळतं. नमुना आतून तापतो, कण वेगाने हलतात, आकार खोटा लहान येतो. द्रावण इतकं विरळ करा की क्युवेटमधून पलीकडचं छापील अक्षर वाचता यावं, ०.२ मायक्रॉनच्या फिल्टरने गाळा, आणि ५३२ चा हिरवा लेझर मिळत असेल तर चाकासाठी तो घ्या. तपकिरी गोळ्यासाठी लालच बरा.

गोळा एकदा नीट आला की फेरिक क्लोराइडने त्याच्या जोड्यांच्या जागी एकेक लोह बसवून ७२ मॉलिब्डेनम आणि ३० लोहाचा पिवळा गोळा करता येतो. पण शुद्ध १३२ हातात नसताना त्यात पडू नका.

मदर लिकरमध्ये मॉलिब्डेनम आणि उरलेलं हायड्रॅझिन असतं. ते बेसिनमध्ये ओतू नका, आणि हायड्रॅझिन मारायला त्यात ब्लीचिंगचं द्रावणही घालू नका: अमोनियम भरपूर असल्याने क्लोरामाइनचा वायू निघतो. रुंद तोंडाच्या प्लॅस्टिकच्या कॅनमध्ये, झाकण सैल ठेवून, ‘मॉलिब्डेनम, हायड्रॅझिन, अमोनियम अ‍ॅसिटेट, पीएच ४’ असं लिहून जड धातूंच्या कचऱ्यात द्या. पहिले दोन-तीन दिवस त्यातून नायट्रोजनचे बुडबुडे येत राहतात, म्हणून झाकण आवळायचं ते नंतर.